कितवा महिना? गर्भाच्या वयाचा हिशेब

पाळी चुकून दहा दिवस झालेले असतात. मेडिकलमधून आणलेल्या कार्डावर दोन रेघा उमटतात आणि नवरा-बायको डॉक्टरांकडे जातात. डॉक्टर शेवटच्या पाळीची तारीख विचारतात, टेबलावरची पुठ्ठ्याची गोल तबकडी फिरवतात आणि सांगतात, "साडेपाच आठवडे झालेत." बाहेर येऊन रिक्षात बसेपर्यंत नवऱ्याच्या डोक्यात वेगळाच हिशेब सुरू होतो. साडेपाच आठवड्यांपूर्वी तर तो कंपनीच्या कामाने परगावी होता!

नवरा शहाणा असेल तर तो परत आत जाऊन विचारतो. नसेल तर घरात अबोला सुरू होतो. खरं तर डॉक्टरांचं गणित बरोबर असतं आणि बायकोचंही काही चुकलेलं नसतं. मोजायला कुठून सुरुवात करायची याचा एक जुना संकेत आहे आणि त्या संकेताप्रमाणे गरोदरपणाचे पहिले दोन आठवडे बाई गरोदर नसतानाच मोजले जातात. साडेपाच आठवडे म्हणजे गर्भ राहून साडेतीनच आठवडे झाले. तोवर नवरा परगावाहून परत आलेला होता.

पाळीचा पहिला दिवसच का?

गर्भ राहतो तो क्षण कुणाला दिसत नाही, जाणवतही नाही. अंडाशयातून स्त्रीबीज सुटतं ते साधारणपणे पुढची पाळी यायच्या चौदा दिवस आधी. ते जेमतेम दिवसभर टिकतं. शुक्राणू मात्र पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात. म्हणजे संबंध सोमवारी आला आणि गर्भधारणा शुक्रवारी झाली, असंही घडतं. जोडप्याला तारीख पक्की आठवत असली, तरी तिच्यावरून दिवस पक्का करता येत नाही.

पाळीचं तसं नाही. ती दिसते आणि लक्षात राहते. आपल्याकडे तर बाजूला बसण्याच्या चालीमुळे ती अख्ख्या घराच्या लक्षात राहायची. म्हणून शेवटच्या पाळीचा पहिला दिवस हा मोजणीचा आरंभ. केसपेपरवर 'एलएमपी' अशी तीन अक्षरं लिहून त्यापुढे जी तारीख टाकतात, ती हीच. ध्यानात ठेवायचं ते एवढंच की पाळी संपली तो दिवस इथे कामाचा नाही, ती सुरू झाली तो हवा. निम्मे गोंधळ इथेच होतात.

हा संकेत रुजला तेव्हा वैद्यकाला दुसरा इलाजही नव्हता. सस्तन प्राण्यांचं स्त्रीबीज पहिल्यांदा ओळखलं कार्ल फॉन बेअर यांनी, १८२७ साली. ते महिन्यात नेमकं कधी सुटतं हे कळायला आणखी शंभर वर्षं गेली. १९२० च्या दशकात जपानचे क्युसाकू ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे हेर्मान क्नाउस या दोघांनी ते स्वतंत्रपणे दाखवून दिलं. तोवर पाळीपासूनची मोजणी साऱ्या दवाखान्यांत पक्की बसली होती. आज गर्भधारणेचा दिवस बराचसा अजमावता येतो, तरी कुणी जुनी रीत मोडली नाही. सगळ्या तपासण्यांची वेळापत्रकं, औषधांचे नियम, कायद्यातल्या मर्यादा तिच्यावरच बेतलेल्या आहेत.

त्यामुळे एकाच गर्भाची दोन वयं असतात. पाळीपासून मोजलं तर पूर्ण गरोदरपण २८० दिवसांचं, म्हणजे ४० आठवड्यांचं. गर्भधारणेपासून मोजलं तर २६६ दिवसांचं, ३८ आठवड्यांचं. भ्रूणशास्त्राची पाठ्यपुस्तकं दुसरं वय वापरतात, डॉक्टर पहिलं. इंटरनेटवर 'सहाव्या आठवड्यात बाळ कसं दिसतं' हे शोधणाऱ्या आयांना दोन ठिकाणी दोन चित्रं दिसतात, त्याचं कारण हे.

नऊ महिने, सात दिवस

प्रसूतीची अपेक्षित तारीख काढायचं सूत्र ज्यांच्या नावाने ओळखलं जातं, ते फ्रान्झ नेगेले जर्मनीतल्या हायडेलबर्गचे प्रसूतितज्ज्ञ. त्यांनी सुइणींसाठी लिहिलेलं पाठ्यपुस्तक १८३० साली निघालं. सूत्र असं: पाळीच्या पहिल्या दिवसात सात दिवस मिळवा आणि नऊ महिने पुढे जा. किंवा तीन महिने मागे जाऊन वर्ष पुढचं धरा, उत्तर तेच. पाळी १० जून २०२४ ला आली असेल, तर तारीख १७ मार्च २०२५.

मूळ कल्पना नेगेले यांचीही नव्हे. त्यांच्या शंभर वर्षं आधी हॉलंडमधल्या लायडनचे हेर्मान बूरहाव यांनी ती मांडली होती. पण सात दिवस पाळीच्या सुरुवातीपासून मिळवायचे की शेवटापासून, हे त्यांच्या लिखाणातून नीट उलगडत नाही. सुरुवातीपासून मोजायची रीत पुढे रूढ झाली. जगभरच्या कोट्यवधी बाळंतपणांच्या तारखा ज्या सूत्राने निघतात, त्याच्या मुळाशी अशी एक संदिग्धता आहे, याची मला मोठी मौज वाटते.

सूत्रात आणखी एक बारीक खोट आहे. महिने सारख्या दिवसांचे नसतात. फेब्रुवारीच्या १ तारखेला पाळी आली, तर सूत्राने येणारी ८ नोव्हेंबर बरोबर २८० दिवसांनी पडते. पण १ मे ला आली, तर सूत्राची ८ फेब्रुवारी २८३ दिवसांनी येते. खरे २८० दिवस ५ फेब्रुवारीलाच भरतात. टेबलावरच्या तबकड्याही सगळ्या एकसारख्या छापलेल्या नसतात. दोन तबकड्यांत एक-दोन दिवसांचा फरक सहज निघतो. मोबाईलमधलं ॲप थेट दिवस मोजतं, म्हणून तेवढ्यापुरतं ते तबकडीपेक्षा बरं.

सातवा लागला की भरला?

आपल्या बोलण्यात गरोदरपण महिन्यांत मोजलं जातं. शेजारीण विचारते ते "कितवा महिना?", "कितवा आठवडा?" नव्हे. आणि उत्तर येतं, "सातवा लागलाय." लागणं आणि भरणं यांत अख्ख्या महिन्याचं अंतर आहे. सातवा लागला म्हणजे सहा महिने भरून गेले, साधारण सव्वीस आठवडे झाले. सातवा भरला म्हणजे तीस. सासूबाईंनी डोहाळजेवणासाठी मोजलेला सातवा आणि डॉक्टरांच्या वहीतला सातवा एक असेलच असं नाही.

त्यात भर म्हणजे चार आठवड्यांचा एक महिना धरून केलेला हिशेब. "डॉक्टर म्हणाले अठ्ठावीस आठवडे, म्हणजे सात महिने झाले," असं आपण झटकन म्हणतो. पण या मापाने चाळीस आठवड्यांचे दहा महिने होतात! कॅलेंडरचा महिना सरासरी साडेतीस दिवसांचा असतो, म्हणून अठ्ठावीस आठवडे म्हणजे सहा महिने आणि वर तेरा दिवस. हा घोळ टाळण्यासाठीच डॉक्टर महिन्यांच्या वाटेला जात नाहीत. ते पूर्ण झालेले आठवडे आणि वरचे दिवस लिहितात: १२ आठवडे ३ दिवस.

आपल्या 'नऊ महिने नऊ दिवस' या म्हणण्याचं काय? कॅलेंडरच्या महिन्यांनी मोजलं तर ते नेगेले यांच्या सूत्राच्या दोनच दिवस पुढे आहे. पण पूर्वी महिने तिथीने मोजत. चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांहून किंचित मोठा. असे नऊ महिने म्हणजे जवळजवळ नेमके २६६ दिवस, म्हणजे गर्भधारणेपासून प्रसूतीपर्यंतचा काळ. नऊ पौर्णिमांचा हा मेळ योगायोगाचाच म्हणायचा, पण जुन्या बायकांना तो नुसत्या आकाशाकडे बघून मोजता आला असेल. चरकसंहितेने तर एक दिवस न सांगता नवव्यापासून दहाव्या महिन्यापर्यंतचा काळ प्रसूतीचा मानला आहे. आजच्या छापील तारखेपेक्षा मला तोच जास्त प्रामाणिक वाटतो.

महिन्यांच्या या मोजणीतून आलेली एक समजूत मात्र सोडून द्यायला हवी: सातव्या महिन्यातलं मूल जगतं, आठव्यातलं जगत नाही. ही समजूत फक्त आपली नाही. प्राचीन ग्रीकांच्या वैद्यकग्रंथांतही आठव्या महिन्यातल्या मुलावर स्वतंत्र लेखन आहे. ती चूकच आहे. पोटात काढलेल्या प्रत्येक आठवड्यागणिक बाळाची फुप्फुसं तयार होत जातात आणि आठव्यातलं बाळ सातव्यातल्याहून सहसा बळकटच असतं.

पाळी दगा देते तेव्हा

सूत्रामागे एक गृहीतक लपलेलं आहे: पाळी दर अठ्ठावीस दिवसांनी येते आणि बीज चौदाव्या दिवशी सुटतं. प्रत्यक्षात कितीजणींचं असं असतं? जिची पाळी पस्तीस दिवसांनी येते, तिचं बीज एकविसाव्या दिवसाच्या सुमाराला सुटतं. तिची तारीख सूत्राने काढली, तर बाळावर एका आठवड्याचं वय फुकट चढतं. पीसीओडी असणाऱ्यांची पाळी तर दोन-दोन महिने येत नाही. त्यांच्या बाबतीत एलएमपीवरून काढलेला आकडा सहा आठवड्यांनीही चुकू शकतो.

दुसरी अडचण म्हणजे अंगावर पिणारं बाळ असताना पाळी सुरू न होताच दिवस जाणं. इथे मोजायला शेवटची पाळीच नसते. असते ती आधीच्या बाळंतपणापूर्वीची. गोळ्या नुकत्याच बंद केलेल्या असतील, तरी पहिली काही चक्रं पुढे-मागे होतात. आणि सगळ्यात फसवं म्हणजे गर्भ राहिल्यावर सुरुवातीला होणारा थोडासा रक्तस्राव. बाईला वाटतं पाळी आली, फक्त या वेळी कमी गेलं. ती तीच तारीख सांगते आणि गरोदरपण एका महिन्याने लहान दिसू लागतं. म्हणून अनुभवी डॉक्टर तारखेवर थांबत नाहीत. त्याआधीची कधी होती, ही नेहमीसारखी होती का, किती दिवस गेलं, हेही विचारतात. बाईला वाटतं उगाच खोदून विचारतात. पण तारीख खरी की खोटी, हे त्या उत्तरांतूनच कळतं.

तारीखच आठवत नाही, असंही पुष्कळदा होतं. मग मनाने एखादा गोल आकडा सांगितला जातो: पाच, दहा, पंधरा तारीख. गावातली आशाताई किंवा नर्स इथे खरी हुशार. ती तारीख विचारत नाही, सण विचारते. "संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेली होतीस का?" "नाही, त्या दिवशी बाहेरची होते." झालं, तारीख सापडली. शिवाय स्वयंपाकघराच्या भिंतीवर कालनिर्णय असतंच. दुधाच्या हिशेबाशेजारी पेनाने केलेली एक बारीक फुली दवाखान्यातल्या कुठल्याही यंत्राच्या तोडीचा पुरावा असते.

हात आणि टेप

सोनोग्राफी येण्यापूर्वी डॉक्टर आणि सुइणी पोटावर हात ठेवून महिना सांगत, आणि आजही सांगतात. बाराव्या आठवड्याच्या सुमाराला गर्भाशय ओटीपोटाच्या हाडाच्या वर हाताला लागू लागतं. वीस ते चोवीस आठवड्यांत ते बेंबीपाशी येतं. छत्तिसाव्या आठवड्याला बरगड्यांच्या मधल्या टोकापर्यंत पोहोचतं आणि मग बाळाचं डोकं खाली सरकलं की थोडं उतरतं. "पोट खाली आलं, आता लवकरच" असं घरातल्या बायका म्हणतात, ते हेच.

टेपने मोजायची रीतही सोपी आहे. साधारण वीस ते छत्तीस आठवड्यांच्या काळात ओटीपोटाच्या हाडापासून गर्भाशयाच्या माथ्यापर्यंत जितके सेंटिमीटर, तितके आठवडे. दोन-तीन इकडे तिकडे. पण लघवी झालेली नसेल तरी आकडा वाढतो. जुळं असेल, गर्भजल जास्त असेल, बाई स्थूल असेल, तर टेप फसतो. बाळाची पहिली हालचाल जाणवणं ही आणखी एक खूण. पहिलटकरणीला ती अठरा ते वीस आठवड्यांच्या सुमाराला कळते, दुसऱ्या खेपेला एक-दोन आठवडे आधी, कारण आता तिला माहीत असतं की हे पोटातले वायू नव्हेत.

यातली कुठलीच खूण एकटी पुरेशी नाही. पण जिथे यंत्र नाही तिथे याच कामाला येतात. आणि यंत्र असलं तरी टेपचं काम संपत नाही. बाळ दर भेटीला वाढतंय की नाही, हे तोच सांगतो.

बॉयलरच्या कारखान्यातून दवाखान्यात

सोनोग्राफीचा जन्म दवाखान्यात झाला नाही. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात जहाजं आणि बॉयलर बांधणारे मोठे कारखाने होते. तिथे धातूतली भेग शोधायला ध्वनिलहरींचं यंत्र वापरत. प्रसूतितज्ज्ञ इयान डोनल्ड यांनी १९५५ मध्ये शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी अशाच एका बॉयलर कारखान्यात नेल्या आणि त्या यंत्राखाली धरल्या. तुलनेसाठी मांसाचा एक मोठा तुकडाही होता. पाण्याने भरलेली गाठ आणि भरीव गाठ यांचे प्रतिध्वनी वेगळे निघाले. १९५८ साली 'लॅन्सेट'मध्ये जॉन मॅकव्हिकर आणि अभियंता टॉम ब्राऊन यांच्यासह त्यांनी आपलं काम प्रसिद्ध केलं आणि पोटातलं बाळ ध्वनिलहरींनी डॉक्टरांना दिसू लागलं.

वय मोजण्यासाठी निर्णायक ठरलं ते त्याच ग्लासगोतलं ह्यू रॉबिन्सन यांचं १९७३ चं काम. त्यांनी गर्भाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजली. रिपोर्टवर 'सीआरएल' म्हणून जो मिलिमीटरमधला आकडा येतो, तो हाच. पाय त्यात धरत नाहीत, कारण ते दुमडलेले असतात.

ही लांबी इतकी भरवशाची का? पहिल्या तीन महिन्यांत बाळं जवळजवळ एकाच चालीने वाढतात. आई उंच की बुटकी, बाप पैलवान की सडपातळ, घर श्रीमंत की गरीब, याचा तेव्हा फारसा फरक पडत नाही. गर्भ दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. म्हणून सहा ते नऊ आठवड्यांसाठी डॉक्टरांचा एक तोंडी हिशेब आहे: मिलिमीटरच्या आकड्यात ४२ मिळवा, म्हणजे पाळीपासूनचे दिवस मिळतात. अठरा मिलिमीटर आले तर साठ दिवस, म्हणजे साडेआठ आठवडे. ढोबळ आहे, पण यंत्रातल्या सूत्राच्या फार जवळ जातो. सीआरएलने काढलेलं वय पाच ते सात दिवसांपेक्षा जास्त चुकत नाही.

ही संधी थोडेच दिवस असते. पाचव्या आठवड्यात फक्त गर्भपिशवी दिसते. गर्भ आणि त्याचे ठोके सहाव्याच्या सुमाराला. तेराव्या आठवड्यानंतर, लांबी ८४ मिलिमीटरच्या पुढे गेली की बाळ वाकतं, आळस देतं, आणि लांबीचा भरवसा जातो. मग डोक्याची रुंदी, डोक्याचा घेर, पोटाचा घेर आणि मांडीचं हाड अशी चार मापं घेऊन सरासरी काढतात. अमेरिकेतल्या फ्रँक हॅडलॉक यांची १९८० च्या दशकातली सूत्रं आजही बहुतेक यंत्रांत भरलेली असतात. पाचव्या महिन्यात या मापांची चूक आठवड्या-दीड आठवड्याची असते; शेवटच्या तीन महिन्यांत तीन आठवड्यांची किंवा त्याहूनही जास्त. कारण आता प्रत्येक बाळ आपापल्या घराण्याप्रमाणे आणि मिळणाऱ्या पोषणाप्रमाणे वाढत असतं.

परदेशी बायकांच्या मापांवरून काढलेली सूत्रं आपल्याला लागू पडतात का, ही शंका रास्त आहे. तिचं उत्तर शोधणाऱ्या इंटरग्रोथ-२१ या आंतरराष्ट्रीय अभ्यासातल्या आठ ठिकाणांत भारताचं ठिकाण होतं आपलं नागपूर. ऑक्सफर्ड, सिॲटल, तुरिन, मस्कत, बीजिंगजवळचा भाग, नैरोबी आणि ब्राझीलमधलं पेलोतास ही बाकीची सात. सगळीकडच्या निरोगी, नीट खाणाऱ्या-पिणाऱ्या आयांच्या पोटातली बाळं कमालीच्या सारखेपणाने वाढतात, असं त्यात दिसलं. दुसरीकडे फरिदाबादची टीएचएसटीआय ही संस्था आणि आयआयटी मद्रास यांनी गुरुग्रामच्या सरकारी रुग्णालयातल्या गरोदर बायकांच्या नोंदींवरून खास भारतीय सूत्रं तयार केली आहेत. पहिल्या तीन महिन्यांपुरतं बोलायचं, तर कुठल्याही सूत्राने फार बिघडत नाही. नंतर मात्र बिघडतं.

तारीख कधी बदलायची

माझ्या मते साऱ्या विषयाचं मर्म इथे आहे, आणि दवाखान्याबाहेरच्या बाकांवर सगळ्यात जास्त काळजी याचीच केली जाते. पहिल्या सोनोग्राफीत ५ मार्च आली. पाचव्या महिन्यातल्या रिपोर्टवर ९ मार्च. आठव्यातल्यावर थेट २१ मार्च. मग सासर-माहेर मिळून प्रश्न: बाळंतपण नेमकं कधी?

५ मार्चच. यंत्राला तुमचा आधीचा रिपोर्ट माहीत नसतो. त्या दिवशी मिळालेल्या मापांवरून ते दर वेळी नव्याने एक तारीख छापतं. डॉक्टरांनी ती वाचायची असते बाळाची वाढ बघण्यासाठी. तारीख बदलण्यासाठी नव्हे.

पाळीची तारीख आणि सोनोग्राफीची तारीख जुळत नसेल तर काय करायचं, याचे आकडे ठरलेले आहेत. अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेचा नियम असा: नववा आठवडा पूर्ण व्हायच्या आत केलेल्या सोनोग्राफीत पाच दिवसांहून जास्त फरक आला, तर सोनोग्राफीची तारीख धरा. नऊपासून सोळा आठवड्यांपर्यंत ही सूट सात दिवसांची, बावीसपर्यंत दहा, अठ्ठाविसापर्यंत चौदा आणि त्यापुढे एकवीस दिवसांची. फरक त्याच्या आत असेल तर पाळीची तारीखच कायम. यंत्राची चूक जसजशी मोठी होत जाते, तसतशी त्याच्यावर विश्वास ठेवण्याची अटही कडक होत जाते. एकदा ठरलेली तारीख पुढे बदलायची नाही. आणि बावीस आठवड्यांच्या आत एकही सोनोग्राफी झाली नसेल, तर ते वय कच्चं समजायचं.

उशिराची तारीख धरून बसण्यात खरा धोका आहे. समजा बत्तीस आठवडे झालेत आणि बाळाची मापं साडेएकोणतीस आठवड्यांची भरतात. तारीख पुढे ढकलली तर कागदावर सगळं ठाकठीक दिसतं. पण ते बाळ लहान वयाचं नसून उपाशी असू शकतं. वारेतून त्याला पुरेसं रक्त मिळत नसेल. तारीख बदलून आपण त्याचा आजारच झाकून टाकतो.

टेस्ट ट्यूबची सोय

एका बाबतीत हा सारा घोळ नसतो. टेस्ट ट्यूब पद्धतीत गर्भधारणा प्रयोगशाळेत होते, तेव्हा तिची तारीखच काय, वेळही लिहून ठेवलेली असते. पाच दिवसांचा गर्भ गर्भाशयात सोडला, तर त्या दिवसापासून २६१ दिवसांनी तारीख. तीन दिवसांचा सोडला तर २६३. मुंबईच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा आणि सहकाऱ्यांच्या प्रयत्नांनी टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं, तेव्हापासून आपल्याकडच्या हजारो आयांच्या फाईलवर अशी बिनचूक तारीख आली. गंमत अशी, की इथेही डॉक्टर चौदा दिवस मागे जाऊन एक काल्पनिक एलएमपी लिहितात. गर्भ राहिल्याचा दिवस हातात असतानाही मोजायचं पाळीपासूनच!

आठवड्यावर काय काय टांगलेलं आहे

दोन-चार दिवस इकडे तिकडे झाले तर काय बिघडतं, असं वाटेल. अकरा ते चौदा आठवड्यांत व्हायची एनटी सोनोग्राफी आणि रक्ताची डबल मार्कर चाचणी यांचं उत्तर वयाशी ताडून काढतात. वय चुकलं तर निरोगी बाळावरही धोक्याचा शिक्का बसतो. कळा लवकर सुरू झाल्या, तर चोवीस ते चौतीस आठवड्यांच्या दरम्यान बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात. ते द्यायचं की नाही, हे वयावर ठरतं. सदतीस आठवड्यांच्या आत जन्मलेलं बाळ अपुऱ्या दिवसांचं. सिझेरियन ठरवूनच करायचं असेल तर शक्यतो एकोणचाळीस पूर्ण होऊ द्यायचे. मुहूर्त बघून सदतिसाव्या आठवड्यात सिझेरियन मागणाऱ्या घरांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

कायद्याचंही तेच. १९७१ च्या गर्भपात कायद्यात वीस आठवड्यांची मर्यादा होती. २००८ मध्ये गर्भाच्या हृदयातला दोष ती मर्यादा उलटून गेल्यावर कळला, म्हणून एक जोडपं मुंबई उच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने परवानगी नाकारली आणि देशभर चर्चा झाली. २०२१ च्या दुरुस्तीने काही ठरावीक परिस्थितीत ही मर्यादा चोवीस आठवडे केली. त्यापुढे गर्भात गंभीर दोष असेल, तर वैद्यकीय मंडळ निर्णय घेतं. नोकरी करणाऱ्या बाईची सव्वीस आठवड्यांची पगारी रजाही या तारखेला बांधलेली आहे: पहिल्या दोन मुलांच्या वेळी त्यांतले आठ आठवडेच अपेक्षित तारखेआधी घेता येतात.

तारखेला किती बाळं येतात?

फारच थोडी. शंभरातली चार-पाच. अमेरिकेतल्या एका अभ्यासात बीज सुटल्याचा दिवस रोजच्या लघवीतल्या संप्रेरकांवरून पक्का केला होता. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अपुऱ्या दिवसांची बाळं वगळूनसुद्धा गरोदरपणाच्या लांबीत ३७ दिवसांचा फरक निघाला. मोजणाऱ्यांचं काही चुकलं नव्हतं, बायकाच वेगवेगळ्या होत्या. पहिलटकरणीचं बाळ तर बऱ्याचदा तारीख उलटून काही दिवसांनी येतं. "तारीख गेली, आता काय?" म्हणून रोज फोन करणाऱ्या नातेवाइकांना हे सांगायला हरकत नाही. सदतीस ते बेचाळीस आठवडे हा सारा काळ बाळाच्या येण्याचा आहे. एक्केचाळीसच्या पुढे मात्र डॉक्टर लक्ष ठेवतात आणि बेचाळीस ओलांडू देत नाहीत.

माहेरच्या पिशवीतला कागद

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या-आठव्यात बाई गाव बदलते, दवाखाना बदलते, आणि नव्या डॉक्टरांच्या हाती पडतो तो बहुतेक वेळा शेवटचा रिपोर्ट. सगळ्यात ताजा, म्हणून सगळ्यात वर लावलेला. वयाच्या दृष्टीने तोच सगळ्यात निरुपयोगी. पहिल्या तीन महिन्यांतला, मिलिमीटरमध्ये लांबी लिहिलेला तो पातळ कागद सासरच्या कपाटात राहून जातो. तेव्हा साड्या आणि डिंकाचे लाडू भरायच्या आधी तो कागद पिशवीत टाका, त्याचा एक फोटो मोबाईलमध्ये ठेवा, आणि नव्या डॉक्टरांसमोर बसलात की न विचारता आधी तोच पुढे करा.